विश्रामबागवाड्यात बाजीरावांनंतर कोण कोण राहिले?

शनिपारकर:

सप्रेम नमस्कार. माझे आजोबा 1946 साली पुण्याच्या म्युनिसिपालिटीत कारकून म्हणून लागले. ‘मी बारा वर्षे पेशव्यांच्या वाड्यात बसून घरपट्टीची खाती लिहिली,’ असे ते आम्हां नातवंडांना सांगत. लहानपणी आम्हाला ती थोडी वाढवून सांगितलेली गोष्ट वाटे. गेल्या महिन्यात घर आवरताना त्यांचे सेवापुस्तक सापडले, तेव्हा कचेरीचा पत्ता म्हणून त्यात खरोखरच विश्रामबाग लिहिलेले दिसले. सुरुवातीच्या पानांवर म्युनिसिपालिटीचा शिक्का आहे आणि पुढे 1950 पासून महापालिकेचा.

त्यानंतर मी मुद्दाम वाड्यात जाऊन आले. तिथे दुसऱ्या बाजीरावांविषयी पुष्कळ ऐकायला मिळाले, परंतु पेशवाई बुडाल्यापासून आजोबांच्या मेजापर्यंतची जी जवळजवळ सव्वाशे वर्षे आहेत, त्या काळात या घरात कोण वावरले, ते घर कोणाच्या ताब्यात होते आणि शहरातले इतर राजवाडे नाहीसे झाले असताना हा एक कसा टिकला, याचा सलग उलगडा मला झाला नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दफ्तरदार:

आपल्या आजोबांनी काहीही वाढवून सांगितलेले नाही. उलट, ज्या माणसाच्या नावाने हे घर ओळखले जाते तो त्यात आपल्या आजोबांपेक्षा कमी काळ राहिला. वाडा 1807 च्या सुमारास पुरा झाला आणि त्यावर दोन लाख रुपये खर्च झाल्याचे नेहमी नमूद केले जाते. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली आणि 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. म्हणजे बाजीरावांना हे घर उणीपुरी दहा वर्षे लाभले, आणि तीसुद्धा अखंड नाहीत, कारण शनिवारवाडा, शुक्रवारवाडा आणि पुढे बुधवारवाडा अशी त्यांची इतर बिऱ्हाडेही शहरात होती. पेशव्यांचे कुटुंब त्या धामधुमीत कायमचे पांगले. बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई मे 1818 मध्ये रायगड पडला तेव्हा गडावर होत्या. स्वतः बाजीराव 3 जून 1818 रोजी इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास (बिठूरला) गेले. पुण्यास ते पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर तीन वर्षांनी वाड्यात जी मंडळी आली, त्यांच्याविषयी बोलले जाते त्याहून पुष्कळ अधिक बोलले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. ती एकदम बंद केली तर पुण्यातला शास्त्री-पंडितांचा वर्ग बिथरेल हे इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टन यांनी ओळखले होते. म्हणून त्या खर्चाचा काही भाग विद्येकडे वळवून, कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकिर्दीत 6 ऑक्टोबर 1821 रोजी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. कालपरवापर्यंत जिथे श्रीमंतांच्या बैठकी भरत होत्या, तिथे व्याकरण, न्याय, वेदान्त आणि ज्योतिष यांचे पाठ सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. पाठशाळेची देखरेख पुढे मेजर टॉमस कँडी यांच्याकडे आली. आज आपण मराठी लिहिताना जो स्वल्पविराम, जे प्रश्नचिन्ह सहज टाकतो, ती चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय कँडी यांना दिले जाते. या घराचा मराठी गद्याशी असलेला हा संबंध वाड्यात कुठेतरी ठळकपणे लिहिलेला असावा अशी माझी फार इच्छा आहे.

1851 च्या जानेवारीत बाजीराव ब्रह्मावर्तास वारले आणि त्याच वर्षी पुण्यात पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि 1868 मध्ये ते येरवड्याच्या बाजूला स्वतःच्या दगडी इमारतीत गेले. वाड्यात मग सरकारी हायस्कूल भरू लागले. तेव्हा ‘कोण राहिले’ या आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की पेशवे थोडा काळ राहिले आणि विद्यार्थी व शिक्षक कितीतरी अधिक काळ.

कडीपाट:

दफ्तरदारांनी माणसांचा हिशेब दिलाच आहे, मी लाकडाचा देतो. गेली वीस वर्षे मी पेठांमधल्या वाड्यांची मोजमापे घेत आलो आहे, म्हणून टिकण्याविषयीचा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो.

पुण्यातल्या पेशव्यांच्या राजवाड्यांचा शेवट कसा झाला हे एकापुढे एक ठेवून पाहावे. शुक्रवारवाडा 1820 मध्ये जळाला. शनिवारवाड्याला 27 फेब्रुवारी 1828 रोजी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. बुधवारवाडा 13 मे 1879 च्या रात्री गेला, आणि त्यात असलेल्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकेही गेली. याचे कारण बांधणीतच आहे. जोते दगडाचे, भिंती विटांच्या, परंतु सगळा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर. वर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत, त्यावर पुन्हा लाकूड. मे महिन्यात, अनेक दशके वाळलेल्या अशा सांगाड्याला ठिणगी लागली की तो विझवण्याइतके पाणी हौदांतून आणि विहिरींतून वेळेवर काढणे त्या काळी माणसांच्या हातचे नव्हते.

13 मेच्या त्याच रात्री विश्रामबागवाडाही पेटला होता. त्याचा पूर्वेकडचा भाग जळाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस असल्यामुळे सरकारचा संशय लगेच राजकीय कटाकडे गेला, आणि न्यायमूर्ती रानडे यांची धुळ्यास झालेली बदलीही त्याच संशयाच्या वातावरणातली आहे. जळालेला भाग नंतर लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा करण्यात आला. त्यामुळे आज आपण पाहतो ते सगळेच लाकूड बाजीरावांच्या वेळचे आहे, असे कोणी सांगितल्यास ते मान्य करू नये.

तरीही जे जुने उरले आहे ते शांतपणे पाहण्यासारखे आहे. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आपण पाहिलेच असतील. खाली कुंभासारखा फुगवटा, मग वर निमुळता होत गेलेला दांडा आणि माथ्यावर, जिथे खांब तुळईला मिळतो तिथे, पाकळ्या उलगडत असलेले केळफूल. पुढच्या वेळी त्या केळफुलाच्या खालच्या बाजूला, जिथे सुताराच्या पटाशीला वरून पोहोचता येत नाही तिथे, नीट पाहावे. दिसणार नाही अशा जागीसुद्धा पाकळीची कड सोडलेली नाही. मी शिडीवर चढून ती कड बोटाने चाचपली आहे.

राहिला प्रश्न टिकण्याचा. आतल्या मोकळ्या चौकांमुळे आग एका भागातून दुसऱ्या भागात सहज गेली नसावी, असा माझा अंदाज आहे. परंतु त्याहून मोठे कारण मी रोजच्या वापराला देतो. ज्या वाड्यात माणसे बसतात त्याची पावसाळ्यापूर्वी शाकारणी (छपराची डागडुजी) होते, गळणारे कौल त्याच आठवड्यात बदलले जाते आणि तुळईच्या टोकाला वाळवी दिसली की कोणीतरी ओरडते. रिकामा वाडा पाच-सहा पावसाळ्यांत खचतो. माझ्या डोळ्यांदेखत असे कितीतरी वाडे खचले, आणि त्यांचे खांब मी जुन्या लाकडाच्या वखारीत उभे राहून मोजले आहेत. या वाड्याला शाळा, कॉलेज आणि कचेरी अशी वर्दळ सतत लाभली, म्हणून तो आज उभा आहे.

जुनी पेठ:

माझे वय ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून या चर्चेत एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट नोंदवतो. 1955 च्या सुमारास वडिलांबरोबर मी जन्माचा दाखला काढण्यासाठी या वाड्यात गेलो होतो. 15 फेब्रुवारी 1950 रोजी महापालिका अस्तित्वात आली होती, तरी आमच्या घरी सर्वजण म्युनिसिपालिटीच म्हणत. आपल्याकडील सेवापुस्तकातला बदललेला शिक्का त्याच घटनेचा आहे. चौकाच्या कडेने मेजे मांडलेली होती, कापडात बांधलेल्या दफ्तरांच्या थप्प्या पार खांबांना टेकलेल्या होत्या आणि खांबांच्या खालचा भाग, माणसे टेकून उभी राहत असल्यामुळे, तेल लावल्यासारखा गुळगुळीत झालेला होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कचेरी शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेली. खालचे पोस्ट मात्र राहिले. मी पुढे कित्येक वर्षे तिथूनच मनिऑर्डरी केल्या.

दफ्तरदार:

शनिपारकर, आपल्याला एक विनंती आहे. सेवापुस्तकात खात्याचे नाव, नेमणुकीचा हुद्दा आणि बदल्यांच्या तारखा असतील, तर त्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पेशव्यांच्या काळातील खर्चाच्या नोंदी पुणे पुराभिलेखागारात सांभाळलेल्या आहेत, परंतु वाड्याच्या कोणत्या सोप्यात कोणते खाते बसत होते ही माहिती घराघरांतल्या अशाच कागदांत आहे आणि ती माणसांबरोबर जाते.

शनिपारकर:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल हे सगळे मी माझ्या वडिलांना वाचून दाखवले. खांबांच्या गुळगुळीत झालेल्या भागाचे वर्णन ऐकताच त्यांनी मला थांबवले आणि सांगितले की लहानपणी ते शाळा सुटल्यावर आजोबांचा डबा परत आणण्यासाठी वाड्यात जात, आणि आजोबांची छत्री मेजामागच्या खांबाला मारलेल्या एका खिळ्यावर अडकवलेली असे. मेज मागच्या चौकात, जिन्याच्या डाव्या हाताला होते, एवढे त्यांना पक्के आठवते. येत्या रविवारी आम्ही दोघे तिथे जाणार आहोत. खांबाला खिळ्याचे भोक दिसले, तर सेवापुस्तकाच्या पानांबरोबर त्याचेही छायाचित्र येथे देईन.