टेक्सास २००८: पंथाची चारशेहून अधिक मुलं सरकारने उचलली आणि दोन महिन्यांत परत का दिली?

(चर्चेतल्या प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

टेक्सासमधल्या एल्डोराडो गावाबाहेर 'यर्निंग फॉर झायन' नावाची रँच होती. तिथे एप्रिल २००८ मध्ये पडलेल्या धाडीबद्दल वाचतोय. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्व १८९० मध्ये सोडलं, ते न सोडणाऱ्यांमधून पुढे निघालेला एफएलडीएस पंथ या रँचवर राहायचा. अल्पवयीन मुलींची लग्नं लावतात असा आरोप, एका झटक्यात चारशेच्या वर मुलं ताब्यात, आणि जून उजाडताच सगळी घरी परत.

यावर दोनच प्रकारचं लिखाण सापडतं. एक म्हणतं धर्मस्वातंत्र्य जिंकलं, दुसरं म्हणतं कोर्टाने बालविवाह लावणाऱ्यांच्या हाती मुलं सोपवली. दोन्ही पटत नाहीत. मला नेमकं हे कळत नाही: मदत मागणाऱ्या ज्या फोनवरून धाड पडली तो खोटा निघाला, तर पुढचं सगळंच रद्द का झालं नाही? मुलं परत द्यायचं कायदेशीर कारण काय होतं? 'यांची श्रद्धा हाच मुलांना धोका' असं सरकारला म्हणता येतं का? आणि जाणकार मंडळींनी हेही सांगावं की टेक्सासच्या बालसंरक्षण खात्याने काय करायला हवं होतं.

तळटीप

धर्मस्वातंत्र्य आधी बाजूला ठेवा. निकाल त्यावर उभाच नाही. टेक्सास सुप्रीम कोर्टाने २९ मे २००८ ला जे म्हटलं ते टेक्सास फॅमिली कोडच्या आधाराने म्हटलं, संविधानाच्या नाही.

कायद्याचा क्रम असा. कोर्टाच्या हुकमाशिवाय मूल उचलायचं तर कलम २६२.१०४, आणि तेही तातडीचा धोका असेल तरच. उचलल्यावर कामकाजाच्या पहिल्या दिवशी न्यायाधीशापुढे जायचं. मग १४ दिवसांच्या आत दोन्ही बाजूंची पूर्ण सुनावणी, कलम २६२.२०१. या सुनावणीत खात्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागत: मुलाच्या शारीरिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका होता, तो इतका तातडीचा होता की मूल तत्क्षणी हलवणं भाग होतं आणि ते टाळण्यासाठी वाजवी प्रयत्न केले होते, आणि मूल घरी परत जावं म्हणून प्रयत्न करूनही तिथे धोका कायम राहील अशी ठोस शक्यता आहे. पुराव्याची पातळी फार उंच नाही, साधारण समंजस, सावध माणसाला पटेल इतका. पण तिन्ही हव्यात. एक जरी लंगडी पडली तर मूल परत द्यायचं, तिथे न्यायाधीशाला मर्जी नाही.

आता १७-१८ एप्रिलला सॅन अँजेलोत काय झालं बघा. न्यायाधीश बार्बरा वॉल्थर यांच्यापुढे सगळ्या मुलांची मिळून एकच सुनावणी, दोन दिवसांची. वकील शेकड्यांनी, कोर्टात मावेनात म्हणून दुसऱ्या सभागृहात व्हिडिओवरून बसवलेले. खात्याचं म्हणणं: अख्खी रँच हे एकच 'घर' आहे, तिथली शिकवण मुलींना बळी आणि मुलग्यांना पुढचे गुन्हेगार बनवते, म्हणून प्रत्येक मूल धोक्यात. वॉल्थर यांनी ते मानलं आणि मुलं खात्याकडेच ठेवली.

ऑस्टिनच्या थर्ड कोर्ट ऑफ अपील्सने, म्हणजे वरच्या कोर्टाने, २२ मे ला हे खोडून काढलं, आणि सुप्रीम कोर्टाने आठवड्याने तेच कायम ठेवलं. रेकॉर्डवर होतं ते एवढंच: वीस जणी १३ ते १७ वयात गरोदर राहिल्या होत्या, आणि त्यातल्या पाचच जणी अजून अल्पवयीन होत्या. मुलग्यांबद्दल किंवा वयात न आलेल्या मुलींबद्दल शारीरिक धोक्याचा काहीच पुरावा नाही. 'एकच घर' हे तर खात्याच्याच साक्षीदारांच्या साक्षीने कोसळलं. रँचवर वेगवेगळी कुटुंबं वेगवेगळी राहतात हे त्यांनीच मान्य केलं होतं. आणि टेक्सासात पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी लग्न तेव्हा कायदेशीर होतं (२००५ पर्यंत तर ही मर्यादा १४ होती), त्यामुळे सोळा-सतराव्या वर्षीचं गरोदरपण आपोआप गुन्ह्याचा पुरावा ठरत नव्हतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. श्रद्धेचा उल्लेख पुराव्यात येऊ शकतो, पण कोणत्या मुलाला, कोणाकडून, कधी, काय होणार हे दाखवायचं ओझं त्याने हलकं होत नाही.

खटलेबाज

तळटीप यांनी मांडलंय ते बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

एक, थर्ड कोर्टापुढे गेलेलं हे प्रकरण अपील नव्हतं. टेक्सासात मुलांच्या ताब्याच्या तात्पुरत्या हुकमावर मधल्यामध्ये अपील करता येत नाही. एरवी खटला वर्षभर चालू शकतो, तोपर्यंत मूल बाहेरच. म्हणून ३८ आयांनी १२६ मुलांसाठी मँडमसचा, म्हणजे परमादेशाचा अर्ज केला. टेक्सास रिओग्रांड लीगल एडचे वकील होते. अर्जात एकच म्हणणं: कायद्याने जे करायलाच हवं ते खालच्या कोर्टाने केलेलं नाही. मुद्दा इतका अरुंद ठेवला म्हणून निकाल इतका लवकर लागला. श्रद्धा, बहुपत्नीत्व, संविधान असं सगळं एकत्र कालवलं असतं तर हा अर्ज रेंगाळला असता.

दोन, फोन. मार्चअखेरीस सॅन अँजेलोच्या एका महिला आश्रयगृहाच्या हेल्पलाइनवर फोन आले. मी १६ वर्षांची आहे, नवरा मारतो, अत्याचार करतो. ३ एप्रिलला वॉरंट घेऊन पोलीस आणि खात्याचे लोक आत गेले. पुढे फोनचा माग निघाला तो कोलोरॅडोतल्या, पंथाशी संबंध नसलेल्या प्रौढ बाईपर्यंत. ज्याचं नाव फोनवर घेतलं होतं तो माणूस अ‍ॅरिझोनात होता.

मग वॉरंट का टिकलं? कारण वॉरंट मागताना शपथपत्र करणाऱ्याला काय माहीत होतं, हे बघतात. माहिती नंतर खोटी निघाली एवढ्याने झडती बाद होत नाही. अधिकाऱ्याने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं लिहिलं हे बचावाला दाखवावं लागतं, आणि ते दाखवता आलं नाही. त्यामुळे झडतीत सापडलेल्या कुटुंबनोंदी, ध्वनिफिती, कागद पुराव्यात आले. बारा पुरुषांवर आरोपपत्रं दाखल झाली. पंथप्रमुख वॉरन जेफ्सला ऑगस्ट २०११ मध्ये सॅन अँजेलोतच जन्मठेप अधिक २० वर्षं झाली. २०१४ मध्ये राज्याने रँचच जप्त केली.

लोक इथेच गोंधळतात. फौजदारी खटला आणि ताब्याचा खटला हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्यात सरकार जिंकलं, दुसऱ्यात हरलं, आणि यात विसंगती काही नाही.

सावली

वर सगळं कोर्टाच्या बाजूने आलं. मुलांच्या बाजूने बघितलं तर चित्र इतकं स्वच्छ नाही. सुप्रीम कोर्टातही एकमत नव्हतं. न्या. हॅरिएट ओ'नील आणि त्यांच्याबरोबर दोघांनी वेगळं मत लिहिलं: मुलगे आणि लहान मुली परत द्या, पण वयात आलेल्या मुलींना हलवायला आधार होता. खात्याच्याच डिसेंबर २००८ च्या अहवालात १२ मुलींची लग्नं १२ ते १५ वयात लावल्याचं नोंदलं आहे. बारा मुली म्हणजे थोड्या नाहीत. म्हणून 'सरकारने उगाच छळलं' ही मांडणी मला मान्य नाही.

पण काम कसं केलं ते बघा. पहिल्याच टप्प्यात चूक झाली. तपास सुरू असताना मुलं, आया, मोठ्या बहिणी सगळ्यांना एकत्र फोर्ट कॉन्चो या जुन्या किल्ल्यात नेलं, मग कोलिझियममध्ये, म्हणजे मोठ्या क्रीडागृहात. एकत्र ठेवलं की जबाब एकमेकांना ऐकून बदलतात. नावं सारखी, आडनावं सारखी, कोण कोणाची आई ते कळेना. मुलं आज एक नाव सांगत, उद्या दुसरं. शेवटी शेकडो जणांच्या डीएनएचे नमुने घ्यायचा हुकूम झाला, आणि अहवाल यायच्या आत मुलं राज्यभरातल्या संस्थांत, शेकडो मैलांवर, विखुरलेली. कोर्टाच्या निकालात आकडा ४६८ आहे, नंतरच्या हिशेबात ४३९. मधला फरक कुठे गेला? अल्पवयीन म्हणून धरलेल्यांतल्या कितीतरी जणी प्रौढ बायका निघाल्या. वय ठरवायची पायरीच नीट झाली नाही तर बाकीच्या पुराव्याचं काय होणार!

दुसरी चूक म्हणजे हाताशी असलेली सौम्य हत्यारं वापरलीच नाहीत. सुप्रीम कोर्टाने ती नावानिशी सांगितली आहेत. संशयित पुरुषालाच घराबाहेर काढायचा हुकूम मिळतो, कलम २६२.१०१५. मुलाला ठरावीक भागाबाहेर नेऊ नये असा मनाई हुकूम मिळतो. म्हणजे मूल तिथेच, आणि धोका बाहेर. रँचवरच्या पुरुषांपैकी कोणाविरुद्ध काय आहे हे ठरवायला वेळ लागतो म्हणून ते टाळलं आणि मुलंच उचलली, असं मला दिसतं.

योग्य रीत कशी ते खात्याने पुढे स्वतःच दाखवलं. २ जूनपासून मुलं घरी गेली, पण अटींवर: टेक्सास सोडायचं नाही, खात्याच्या लोकांना घरी येऊन भेटू द्यायचं, पालकत्वाचे वर्ग करायचे. ऑगस्टमध्ये खात्याने फक्त आठ मुलांपुरता नवा अर्ज केला. त्यातल्या एका १४ वर्षांच्या मुलीला कोर्टाने परत खात्याच्या ताब्यात दिलं, कारण तिच्याबाबत लेखी पुरावा होता. तेच न्यायालय, तोच पंथ.

उंबरठा

आता उलगडलं. एक शंका राहते. 'मूलनिहाय पुरावा' ही फक्त टेक्सासची तांत्रिक बाब आहे, की इतरत्रही हेच निकष?

तळटीप

इतरत्रही, आणि दाखला फार बोलका आहे. 'ट्वेल्व्ह ट्राइब्ज' नावाचा पंथ, मुलांना छडीने मारणं ही त्यांची धार्मिक शिस्त. २२ जून १९८४ ला अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात आयलंड पाँडला पहाटे धाड पडली, ११२ मुलं उचलली. न्या. फ्रँक महाडी यांनी त्याच दिवशी सगळी सोडली, कारण राज्याकडे कोणत्याही एका मुलाविषयी वेगळं सांगायला काही नव्हतं.

तोच पंथ, जर्मनीतलं बव्हेरिया, सप्टेंबर २०१३. सुमारे ४० मुलं ताब्यात. इथे मात्र एका टीव्ही पत्रकाराने लपवलेल्या कॅमेऱ्याने छड्या मारतानाचं चित्रण केलं होतं. आणि पुढे जर्मन कोर्टांनी प्रत्येक मुलाची कार्यवाही वेगळी चालवली, तज्ज्ञ नेमले, पालकांचे सगळे हक्क न काढता ठरावीक हक्कच काढले, सौम्य उपाय का चालणार नाही ते लिहिलं. मार्च २०१८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने कुटुंबजीवनाच्या हक्काचा भंग झाला नाही असाच निकाल दिला. मारणं धर्मातून आलंय म्हणून सूट मिळाली नाही, आणि धर्म वेगळा आहे म्हणून मुलं गेली असंही झालं नाही.

याच्या उलट टोक बघायचं तर १९५३. टेक्सासच्याच या पंथाचे पूर्वज, अ‍ॅरिझोनातलं शॉर्ट क्रीक. २६ जुलैला राज्यपाल हॉवर्ड पाइल यांनी धाड घातली, दोनशेहून अधिक मुलं नेली. आयांपासून तोडलेल्या पोरांचे फोटो छापून आले आणि लोकमत फिरलं. पाइल पुढच्याच वर्षी निवडणूक हरले. त्यानंतर कितीतरी दशकं त्या पंथाला हात लावायला कोणी धजेना. सावली यांच्या मुद्द्याला मी इतकंच जोडेन: ढोबळ कारवाईचा सगळ्यात मोठा तोटा खऱ्या पीडित मुलींनाच होतो.

खटलेबाज

इथे टेक्सासात राहणारी मराठी मंडळीही वाचत असतील, म्हणून थोडं रोजच्या उपयोगाचं. खात्याचा माणूस दाराशी आला तर घरात शिरायला त्याला तुमची संमती, कोर्टाचा हुकूम किंवा तातडीचा धोका यांपैकी एक लागतं. फिफ्थ सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने २००८ मध्येच गेट्स खटल्यात हे स्पष्ट केलं. सप्टेंबर २०२३ पासून तुमचे हक्क तोंडी आणि लेखी सांगणं तपासनिसावर बंधनकारक आहे. नम्रपणे दारातच बोला, लेखी तक्रार काय ते विचारा, वकील येईपर्यंत सही करू नका. 'सेफ्टी प्लॅन'वर, म्हणजे मुलाच्या सुरक्षिततेसाठी खात्याने लिहिलेल्या अटींवर, घाईत केलेली सही ही सर्वात महाग पडणारी चूक, कारण त्यातल्या अटी तुम्ही स्वखुशीने घेतल्या असं धरलं जातं. मूल नेलंच तर १४ दिवसांच्या सुनावणीची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.

सावली

आणि भारतातलं विचारणाऱ्यांसाठी: बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३१ खाली मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. वयाचा वाद असेल तर कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. क्रम उलटा केला की हुकूम पुढे अडचणीत येतो. बालविवाह रोखायचा असेल तर मूल उचलण्याआधी बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चं कलम १३ बघा. दंडाधिकारी लग्नालाच मनाई करू शकतात. अर्ज बालविवाह प्रतिबंध अधिकारी करू शकतो, महाराष्ट्रात गावपातळीवर तो ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी). अर्जात वराचं, वधूचं, दोन्हीकडच्या पालकांचं नाव, ठिकाण आणि तारीख घाला. 'अमुक वस्तीत बालविवाह होतात' अशा मोघम अर्जावर हुकूम कोणाच्या नावाने काढायचा?