शब्दचर्चा : ‘अंगझडती’तलं ‘अंग’ खोडावं का?

फोंड्याहून, बातम्यांचं भाषांतर करणारी

अमली पदार्थाच्या एका खटल्याची बातमी मराठीत करत होते. मी लिहिलं : ‘अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमक्ष हवी का, असे पोलिसांनी संशयिताला विचारले.’ संपादकांनी ‘अंग’ खोडलं. म्हणाले, झडती म्हणजे झडती, अंग काय नि घर काय. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगता येईना. शिवाय ‘समक्ष’ बरोबर आहे की ‘पुढे’? जाणकारांनी सांगावं.

म्हाप्शाहून, वकील

ताई, खोडलेली दोन अक्षरं आधी परत घाला. आरोपी सुटतो की आत जातो, ते कधीकधी तेवढ्यावर ठरतं.

1985 च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम 50, म्हणजे झडतीआधी राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे नेलं जाण्याचा हक्क देणारं कलम, माणसाच्या अंगाच्या झडतीपुरतंच आहे. हातातल्या पिशवीला ते लागू नाही. 2005 साली हिमाचल प्रदेशच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : अंगावरचे कपडे, पायातली पादत्राणं ही माणसाच्या अंगात धरायची, बॅग, ब्रीफकेस नाही. 2023 मध्ये पुन्हा तसाच निकाल आला. म्हणजे हरमलला कुणाच्या पँटीच्या खिशात चरस सापडला तर कलम 50 पाळलं की नाही हे बघावं लागतं. त्याच माणसाच्या स्कूटरच्या डिकीत सापडला तर तो प्रश्नच उरत नाही. इंग्रजी कायद्यातल्या शब्दाचा अर्थ ‘व्यक्ती’ असा घेता येतो, म्हणून तिकडे इतकी वर्षं वाद चालला. आपल्या ‘अंगझडती’त अंग आधीपासूनच आहे. मराठीने आयता दिलेला शब्द संपादकांनी का टाकावा?

पणजीहून, निवृत्त मुद्रितशोधक

‘झडती’बद्दल थोडं. झाडणे, झडणे यांच्याच घरातला हा शब्द. पेशवे दप्तरात ‘झडती’ हा हिशेबाचा कागद असतो, ‘जमाझडती’ त्यातलीच. पैसा कुठून आला, कुठे गेला, ते झाडून बाहेर काढायचं. पोलीस खिसे उलटे करतात तेव्हा तेच चाललेलं असतं.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. नशेचा अंमल चढतो तो ‘अंमल’ आणि ‘अंमलबजावणी’तला ‘अंमल’ हे एकच. चोर आणि शिपाई एकाच शब्दातून निघाले. अनुस्वारावरून मात्र माझं अर्धं आयुष्य गेलं : वर्तमानपत्रं ‘अमली’ लिहितात, मी ‘अंमली’ करायचो, सकाळी परत ‘अमली’च छापून यायचं.

फोंड्याहून, बातम्यांचं भाषांतर करणारी

‘अंग’ परत घातलं, धन्यवाद. पण ‘समक्ष’चं काय?

म्हाप्शाहून, वकील

त्यावर जरा थांबून लिहितो, कारण माझ्या मते खरी चूक तिथे आणि ‘विचारले’मध्ये आहे.

‘समक्ष’ म्हटलं की साहेब खुर्चीत बसून बघताहेत असं चित्र उभं राहतं, पंचासारखं. कायद्यात तसं नाही. संशयिताने मागणी केली तर त्याला विनाकारण उशीर न करता जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे ‘न्यायचं’ असतं. त्या अधिकाऱ्याला झडतीसाठी सबळ कारण दिसलं नाही तर त्याने माणसाला तिथल्या तिथे सोडून द्यायचं. कारण दिसलं तरच तो झडतीचा आदेश देतो. म्हणजे निर्णय त्याचा. ‘समक्ष’ या शब्दात हा निर्णय बुडून जातो. ‘अधिकाऱ्याकडे नेऊन’ असं लिहा.

आता ‘विचारले’. चहा घेणार का, असंही आपण विचारतोच. 2010 मध्ये गुजरातच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की संशयिताला हा हक्क आहे हे त्याला कळवलंच पाहिजे, साधारण पाळलं म्हणून भागत नाही. नुसतं ‘साहेबांना बोलवायचं का?’ विचारलं तर समोरच्याला वाटतं, पोलीस उपकार करताहेत. नाही म्हटलं की बरं दिसेल. ‘हक्क आहे’ म्हटलं की वाक्य त्याच्या बाजूचं होतं.

2014 चा राजस्थानचा निकाल तर शब्दचर्चा करणाऱ्यांनी वाचावाच असा आहे. पोलिसांनी दोन पर्यायांना तिसरा जोडला : किंवा आमच्याच पथकातल्या अधीक्षकांपुढे. कायद्यात तो पर्याय नाही. वर दोन संशयितांना मिळून एकच कागद, सही दोघांच्या वतीने एकाची. न्यायालयाने दोन्ही गोष्टी अमान्य केल्या.

अंगझडतीत हे पाळलं नाही तर नुसत्या त्या जप्तीवर उभी असलेली शिक्षा टिकत नाही. चरस 1 किलोच्या वर गेला की किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त 20. इतकी कडक शिक्षा असलेल्या कायद्यात क्रियापदालाही वजन येतं.

डिचोलीहून, निवृत्त कोर्ट कारकून

वकीलबाब, कागदावरचं क्रियापद बरोबर असूनही काय होतं ते सांगतो. माझ्या टेबलावरून असे फॉर्म गेलेत. ‘तुम्हाला हक्क आहे’ हे व्यवस्थित टंकलेलं. नावाची जागा रिकामी, तारखेची जागा रिकामी. आणि खाली उत्तरसुद्धा आधीच टंकलेलं : ‘मला गरज वाटत नाही.’ एकदा तर कार्बनची प्रत वरच्या प्रतीपेक्षा ठळक होती, कारण वर पेनाने फक्त सही, बाकी सगळं आधीचं. उलटतपासणीत वकिलाने ते कागद शेजारी शेजारी ठेवले. चार वेगळी माणसं, उत्तर स्वल्पविरामासकट एक. कुठल्या ठाण्याचे ते लिहीत नाही.

पणजीहून, निवृत्त मुद्रितशोधक

‘पंच’ राहिला. बाहेरच्या वाचकाला पंच म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार. आमच्या गोव्यात पंच म्हणजे आधी ग्रामपंचायतीचा सदस्य. ‘चरसप्रकरणी पंच फितूर’ असा मथळा मी एकदा तपासून सोडला. सकाळी शेजारचे काका फाटकाशी उभे : ‘कुठल्या पंचायतीतला? आणि कुठल्या पक्षात गेला?’ फुटलेल्या पंचांची आपल्याला इतकी सवय! तेव्हापासून मी ‘पंच साक्षीदार’ करतो.

म्हाप्शाहून, वकील

अगदी बरोबर. जागेच्या झडतीला त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी घ्यावेत असं कायदा म्हणतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 100 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेचं 103. झडतीचं चित्रीकरणही आता आवश्यक आहे, कलम 105. त्यामुळे ‘पंचनाम्यात लिहिलंय’ एवढं म्हणून पुढे भागणार नाही, मोबाईलमध्ये काय दिसतं तेही विचारतील.

फोंड्याहून, बातम्यांचं भाषांतर करणारी

बातमीतल्या पोलिसांनी हक्क सांगितला होता, हे निकालात पाहून घेतलं. वाक्य असं केलं : ‘अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे नेले जाण्याचा त्याला हक्क असल्याचे पोलिसांनी त्याला सांगितले.’ ‘जवळच्या’ गाळलं, रकान्यात बसत नव्हतं.

म्हाप्शाहून, वकील

‘जवळच्या’ कायद्यात आहे, ठेवा. दुसरा ‘त्याला’ काढा, जागा होईल.