कांसातून विश्वामित्रीत रंगीत पाणी : आपण घेतलेला नमुना कायद्यात चालतो का?

मांजलपूरकर
बडोद्याच्या विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या एका कांसात आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे लाल-जांभळं पाणी येतं आणि आठच्या आत वाहून जातं. वरच्या अंगाने सोसायट्यांचं सांडपाणीही त्यातच मिसळतं. कांस म्हणजे पावसाळी नाला, मग पाणी कायदा त्याला लागतो का? बाटलीत भरून खासगी लॅबमधून तपासून आणलं तर त्या रिपोर्टला किंमत किती?

कलमबहाद्दर
कांसाचं आधी. 1974च्या पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायद्यात ‘प्रवाह’ म्हणजे नुसती नदी नाही. वाहता किंवा सध्या कोरडा असलेला ओहोळ, नैसर्गिक-कृत्रिम जलाशय, जमिनीखालचं पाणी, सगळं त्यात येतं. शिवाय कलम 24मध्ये प्रवाह, विहीर, गटार आणि जमीन असे चारही शब्द आहेत. तेव्हा ‘ही नदी नव्हे’ हा बचाव टिकत नाही.

आता नमुना. फौजदारी खटल्यात कलम 21प्रमाणे घेतलेला नमुनाच धरतात, आणि तो राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकृत माणूसच घेऊ शकतो. तपासणीसाठी नमुना घेत असल्याची नोटीस जागेवरच कारखान्याच्या माणसाला द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सील करून दोघांनी सह्या करायच्या, एक भाग लगेच मंडळाच्या लॅबला पाठवायचा. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा भाग सरकारी लॅबला जातो. कारखानदार मुद्दाम गायब झाला, तर अधिकारी एकट्याच्या सहीने सील करतो आणि तसं विश्लेषकाला लेखी कळवतो. यातली एक पायरी चुकली की बचावाचा वकील पूर्ण रिपोर्ट पुराव्यातून बाहेर काढतो. खटले पडतात ते बहुतेक इथेच.

पण मला विचाराल तर रंगाच्या मागे लागूच नका, तोंडाच्या (पाणी जिथून बाहेर पडतं त्या जागेच्या) मागे लागा. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांच्या मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात प्रक्रिया केलेलं पाणी कुठे सोडायचं ते लिहिलेलं असतं : सामायिक प्रक्रिया केंद्र, किंवा मही नदीच्या मुखाकडे सारोदला जाणारी सुमारे 55 किलोमीटरची एफ्लुएंट चॅनेल (कारखान्यांचं पाणी नेणारा कालवा), किंवा ‘शून्य विसर्ग’, म्हणजे बाहेर सोडायचंच नाही. अशा कारखान्याचा पाइप कांसात निघाला, तर पाणी आरशासारखं स्वच्छ असलं तरी उल्लंघन झालंच, कारण नव्या तोंडाला कलम 25खाली आधी संमती लागते. मिलिग्रॅम-लिटरचा वादच उरत नाही.

संमतीच्या अटी कुठे बघायच्या? कलम 25(6)प्रमाणे मंडळाने त्यांची नोंदवही ठेवायची असते आणि त्या तोंडाची झळ लागणाऱ्या कुणालाही ती पाहता येते. ‘25(6)खाली पाहणी’ असं अर्जात स्पष्ट लिहा. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण त्याला 30 दिवस लागतात.

बीओडी_बाटली
खासगी रिपोर्ट निरुपयोगी नाही. मंडळाने कधी, कुठे आणि कशासाठी यायचं, हे तो सांगतो. फक्त नीट घ्या.

तीन ठिकाणचं पाणी हवं : संशयित तोंडाच्या वरचं, तोंडाशी पडणारं आणि 50-100 मीटर खालचं. वरचं नसेल तर सगळं सोसायट्यांच्या सांडपाण्यावर ढकललं जातं. नाळ्यावरून (छोट्या पुलावरून) दोरीने बादली सोडा, काठावर उतरू नका, मगरी आहेत. सामू (pH) आणि तापमान तिथेच मोजा. सीओडीची (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) बाटली सल्फ्युरिक आम्लाने सामू 2च्या खाली आणून ठेवायची, धातूंची नायट्रिक आम्लाने. बीओडीच्या (तीच घाण जिवाणूंनी खायला लागणारा ऑक्सिजन) बाटलीत आम्ल अजिबात नको. ती काठोकाठ भरून बर्फात 4 अंशांवर त्याच दिवशी पोचवायची. तेल-ग्रीससाठी काचेची वेगळी बाटली घ्या आणि ती नमुन्याने खंगाळू नका, नाहीतर तेल काचेला चिकटून आकडा चुकतो. प्लॅस्टिकच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेला नमुना म्हणजे लॅबची फी पाण्यात.

निकालात सीओडी भागिले बीओडी बघा. घरगुती सांडपाण्यात ते साधारण 2 ते 2.5 येतं. 4-5च्या वर गेलं आणि टीडीएसही (विरघळलेले क्षार) चढला असेल तर कारखान्याचा संशय पक्का. फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) जास्त, अमोनिया जास्त आणि भागाकार 2च्या आसपास असेल तर जबाबदारी महापालिकेची. मग सामनेवाला वेगळा.

पर्यावरण नियमांच्या अनुसूची 6मध्ये अंतर्देशीय पाण्यासाठी सामू 5.5 ते 9, बीओडी 30, सीओडी 250, तरंगते घन पदार्थ 100, तेल-ग्रीस 10 (सामू सोडून सगळे मि.ग्रॅ./लि.). लोक चुकून ‘सार्वजनिक गटार’चा रकाना वाचतात, तिथे बीओडी 350 आहे. आणि हे आकडे तोंडाशी लागू होतात, कांसात मिसळलेल्या पाण्याला नाही. रंगाला तर तिथे आकडाच नाही, ‘शक्य तितका काढावा’ एवढंच.

मांजलपूरकर
आणि पाइपच नसेल, टँकर रिकामा होत असेल तर?

कलमबहाद्दर
तरी कलम 24 लागतंच. नंबरप्लेट, वेळ आणि ठिकाण एकाच फोटोत आलं पाहिजे. माल घातक कचऱ्यात मोडत असेल तर 2016च्या नियमांप्रमाणे चालकाजवळ नमुना 10चं मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे जातो त्याचा कागद) हवं. मंडळाला ते मागायला लावा.

पुणे_बेंच
वरच्या उत्तरात एक भर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (एनजीटी) पुराव्याच्या कायद्याने बांधलेलं नाही, त्यामुळे खासगी रिपोर्ट तिथे वाचला जातो आणि बहुधा संयुक्त समिती नेमून नवीन नमुने घ्यायला सांगतात. गुजरातसाठी पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम 14चा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. ‘बघू, पावसाळा जाऊ दे’ म्हणत हीच मुदत हुकते. भरपाई किंवा नदी पूर्ववत करून मागायची असेल तर कलम 15, मुदत 5 वर्षं. भरपाई न मागितल्यास फी 1,000 रुपये.

न्यायदंडाधिकाऱ्यापुढे स्वतः जायचं असेल तर मंडळाला आधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते, पाणी कायद्याचं कलम 49. नोटिशीनंतर तक्रार दाखल केली की मंडळाकडचे रिपोर्ट मागायचा हक्कही मिळतो. मात्र पाणी कायद्याची 2024ची दुरुस्ती ज्या राज्याने ठराव करून स्वीकारली आहे, तिथे कलम 24च्या उल्लंघनाला तुरुंगाऐवजी 10,000 ते 15 लाखांचा दंड निर्णय अधिकारी लावतो.

तक्रारीत पहिल्या दिवसाची तारीख नक्की टाका. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात पर्यावरण भरपाई दिवसांवर मोजतात. लाल म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या वर्गाचा (गुणांक 80), लहान (0.5) कारखाना, 10 ते 50 लाख वस्तीचं शहर (1.25), दर 250 रुपये, आणि 40 दिवस : 80 × 40 × 250 × 0.5 × 1.25 = 5 लाख. तुमच्या पोचपावतीवर तारीख नसली, तर ते 40 दिवस मंडळाच्या पहिल्या भेटीपासून मोजले जातील.