सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट मॉक करायचा की खरा फिल्टर चालवायचा?

अर्धविराम:
जॅक्स-आरएस (जावात वेब सर्व्हिस लिहिण्याचं स्टँडर्ड) सर्व्हिसच्या युनिट टेस्टमध्ये सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट, म्हणजे रिक्वेस्ट करणारा युजर आणि त्याचे रोल सांगणारा ऑब्जेक्ट, सरळ मॉक करावा, म्हणजे त्याजागी नकली ऑब्जेक्ट द्यावा, या मताचा मी. इंटरफेसमध्ये मेथड चारच, त्यातल्याही बहुतेकदा दोनच लागतात: गेटयूजरप्रिन्सिपल (युजर कोण) आणि इजयूजरइनरोल (त्याच्याकडे अमुक रोल आहे का). हा ऑब्जेक्ट मागवणारं @कॉन्टेक्स्ट ॲनोटेशन फील्डवर न लावता मेथडच्या पॅरामीटरवर लावा, म्हणजे टेस्टमधून मॉक थेट पाठवता येतो. सर्व्हर चढवण्याची भानगडच नाही.

नलशोधक:
टेस्ट हिरवी झाली खरी, पण तपासलं काय? मेथड थेट कॉल केली की तिच्यावरचं @रोल्सअलाउड, म्हणजे कोणत्या रोलना परवानगी आहे ते सांगणारं ॲनोटेशन, कुणी वाचतच नाही. उद्या ते पुसलं गेलं तरी टेस्ट हिरवीच. त्यापेक्षा जर्सीटेस्ट घ्या; जर्सी ही जॅक्स-आरएस चालवणारी लायब्ररी, तिच्या या टेस्टमध्ये रिक्वेस्ट खऱ्या फिल्टरमधून जाते. रिसोर्सकॉन्फिगमध्ये (ॲपच्या सेटिंगमध्ये) @रोल्सअलाउड तपासणारं रोल्सअलाउडडायनॅमिकफीचर रजिस्टर करा आणि सेटसिक्युरिटीकॉन्टेक्स्टने हवा तो युजर बसवणारा छोटा फिल्टर लिहा. त्याला ऑथेंटिकेशनची प्रायॉरिटी, म्हणजे १०००, आठवणीने द्या. नाही दिली तर तो डिफॉल्ट ५००० वर जातो, २००० वरचा रोल तपासणारा फिल्टर आधी धावतो आणि योग्य युजरलाही ४०३ (परवानगी नाही) मिळतो. मग लोक तासभर रोलचं स्पेलिंग तपासत बसतात.

अर्धविराम:
ॲनोटेशनपुरतं मान्य. पण ‘ज्याची ऑर्डर त्यालाच दिसावी’ हा नियम मेथडच्या आत असतो. तिथे प्रिन्सिपलचं नाव बदलत केसेस तपासायला दरवेळी कंटेनर कशाला?

मधलाकंस:
मॉकवाल्यांनी दोन गोष्टी सांभाळा. मॉक आपोआप फील्डमध्ये बसवणाऱ्या मॉकिटो लायब्ररीच्या @इंजेक्टमॉक्सला जुळतं फील्ड सापडलं नाही तर ते चूपचाप पुढे जातं. जुन्या जावाएक्स पॅकेजवरून नव्या जकार्ता पॅकेजवर जाताना टेस्टमध्ये जुना इंपोर्ट राहिला आणि जुनी जार क्लासपाथवर असली, तर सगळं कंपाइल होतं; फील्ड मात्र नल.
दुसरी जास्त घातक. स्टब न केलेला, म्हणजे काय उत्तर द्यायचं ते न सांगितलेला, इजयूजरइनरोल फॉल्सच देतो. त्यामुळे कोडने भलताच रोल विचारला तरी ‘परवानगी नाही’वाली टेस्ट पास! तिथे व्हेरिफाय लावून नेमका कोणता रोल विचारला ते तपासा.

नलशोधक:
आणि प्रिन्सिपल नल असल्याची केसही लिहा, लॉगिन न केलेला युजर तसाच येतो. जर्सीचा रोल फिल्टर त्यालाही ४०३ च देतो. ४०१ (आधी लॉगिन करा) हवा असेल तर तो तुमच्या ऑथेंटिकेशन फिल्टरनेच द्यायचा, आणि ते मॉकमधून कधीच दिसणार नाही.