मदत हवी आहे : स्वमग्न दीर, टॉवेल कारखान्यातली नोकरी, मालकांशी काय बोलावं?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे राहतो. माझा धाकटा दीर २७ वर्षांचा, बी.कॉम. झालेला. लहानपणापासून ‘घुम्या’, ‘तऱ्हेवाईक’ ही विशेषणं. गेल्या वर्षी पुण्यात नीट तपासणी झाली आणि स्वमग्नता असल्याचं निदान झालं. बोलतो, हिशेब चोख, गाडी चालवतो, त्यामुळे ‘याला कसला ऑटिझम?’ हे सगळ्यांचंच.

तो टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होता. पीसवरून तळवा फिरवला की सुटलेली तार आधी त्याच्या हाताला कळते, मग डोळ्याला. त्याने पास केलेला माल परत येत नाही, हे जुने मुकादमही सांगायचे. आता नवे मॅनेजर आलेत. ‘हुशार आहे, कोपऱ्यात कशाला ठेवलाय’ म्हणून त्याला डिस्पॅचला बसवलंय. तिथे सतत फोन, टेम्पोवाल्यांचा आरडाओरडा, शेजारच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट. त्यात ‘दोन-चार गठ्ठे बाजूला काढ रे’ असं कुणी म्हणालं की हा विचारणार, दोन की चार? समोरच्याला वाटतं चेष्टा करतोय. परवा याच्यावरून चारचौघांत बोलणी खाल्ली.

घरी आला की मागच्या खोलीत दिवा न लावता बसतो, जेवायलाही उठत नाही. सासूबाईंना वाटतं रुसलाय. गड्ड्याच्या (सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या जत्रेच्या) गर्दीत नेऊ नका म्हटलं तर ‘सिद्धरामेश्वराला नाही म्हणतेस?’ आणि सगळ्यावर रामबाण उपाय म्हणजे लग्न! (मुलीच्या घरच्यांना काय सांगणार, यावर कुणी बोलत नाही.)

मालकांना निदान सांगावं का? सांगितलं आणि काढूनच टाकलं तर? दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचा खासगी नोकरीत काही उपयोग असतो का?

प्रतिसाद – जुळे_सोलापूर

ताई, माझा मुलगा स्वमग्न आहे आणि मी स्वतः एका कंपनीत एचआर बघतो, म्हणून लिहितोय.

आधी एक विचारतो, सांगायचं की नाही हे त्याला विचारलंत का? निदान त्याचं आहे. त्याच्या माघारी मालकांना भेटायला जाऊ नका. निदान न सांगताही कामातला बदल मागता येतो. ‘चेकिंगला माल जास्त चांगला निघतो, तिथेच ठेवा’ हे मालकाला लगेच पटतं, कारण त्यात त्याचाच फायदा आहे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं (कलम २१). पण कामावरून काढण्याविरुद्धचं कलम २० मुख्यतः सरकारी नोकरीसाठी आहे, तेव्हा कायदा दाखवून भांडायला जाऊ नका. प्रमाणपत्र मात्र काढून ठेवा. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करायचा, मग सरकारी दवाखान्यात मेडिकल बोर्डापुढे तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी भरतीतल्या ४ टक्के राखीव जागांचा रस्ता खुला होतो. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटासाठी आहे. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजनाही बघा, १ लाखापर्यंत संरक्षण आहे. कायदेशीर पालकत्व घ्या असं कुणी सुचवेल. जो स्वतः सही करतो, पगार सांभाळतो, त्याला त्याची काय गरज?

अंधारात बसतो तेव्हा बसू द्या. रुसवा नाही तो, दिवसभराचा आवाज उतरवतोय. ताट झाकून ठेवा, भूक लागली की येईल. आणि लग्नाचं तोच ठरवेल.

धागाकर्ती

खूप आभार. रात्री त्याला विचारलं. तोंडी काही बोलला नाही, सकाळी फ्रिजवर कागद चिकटवलेला : ‘निदान मालकांना सांगायचं, बाकी कुणाला नाही. काम चिठ्ठीवर लिहून द्यावं. गठ्ठ्यांचा आकडा नक्की सांगावा. फोन नको. चेकिंगला परत. गड्ड्याला पहाटे जाईन, गर्दी व्हायच्या आत.’

सासूबाईंनी शेवटची ओळ दोनदा वाचून घेतली आणि ‘मग मीपण पहाटेच येते’ म्हणाल्या.

आता एवढंच सांगा, हा कागद मॅनेजरांना डावलून थेट मालकांकडे नेला तर नवे मॅनेजर त्याच्यावर डूख धरतील का?