भाऊसाहेबांची पुण्यतिथी आणि खाणमालकीचा आक्षेप

निवृत्त शिक्षिका, फोंडा :
गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुळात खाणमालक होते, १९६३ची निवडणूक त्यांनी पैशाच्या जोरावर जिंकली, म्हणून १२ ऑगस्टला मिरामारच्या समाधीवर फुले वाहून त्यांना बहुजनांचे कैवारी म्हणणे थांबवावे, असे काल येथे लिहिले गेले आणि ते वाचून मला स्वस्थ बसवले नाही. माझे वडील मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारे होते. घराचे कौल बदलायचे झाले तरी त्यांना भाटकाराच्या अंगणात ताटकळत उभे राहावे लागे. भाऊसाहेबांच्या सरकारने गावात शाळा उघडली, तेव्हा आमच्या घरातून पाटी घेऊन बाहेर पडलेली पहिली मुलगी मी. पैसा इतर खाणमालकांकडेही होता. त्यांच्यापैकी कोणाच्या नावाने खेड्यातली माणसे आजही हात जोडतात?

वाचक, डिचोली :
शाळा मी नाकारत नाही. परंतु खाणीची माती पावसात वाहून आमच्या शेतात बसली आणि दोन वर्षे आम्ही भात पेरू शकलो नाही. ती खाण कोणाची होती, हा प्रश्नच नाही, कारण लाल माती मालक पाहून वाहत नाही. शिवाय कूळ कायदा १९६४चा असला, तरी कुळाला मालकी देणारी पाचवी दुरुस्ती १९७६ची आणि मुंडकार कायदा १९७५चा. दोन्ही भाऊसाहेबांच्या कन्या आणि त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर यांच्या काळातले आहेत. वडिलांचे श्रेय लेकीला द्यायला काय हरकत आहे?

वाचक, मडगाव :
मुख्य गोष्ट राहूनच गेली. भाऊसाहेबांच्या मनासारखे गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण झाले असते, तर आज गोव्याला स्वतःची विधानसभाच नसती. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले, म्हणून आपण वाचलो.

निवृत्त शिक्षिका, फोंडा :
विलीनीकरणाला मत देणाऱ्या १,३८,१७० लोकांत माझी आई होती. तिची पोथी मराठी, ओवी मराठी. तिला गोव्याची वैरीण ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आणि कौल विरुद्ध गेल्यावर त्याच वर्षी लोकांनी भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्ता दिली, हे तुम्ही का वगळता?

वाचक, मडगाव :
तुमच्या आईबद्दल मी एक शब्दही बोललो नाही. माझ्या काकांना मात्र मराठी शाळेत कोंकणी बोलल्याबद्दल छडी खावी लागली. ज्या पाटीचा तुम्हाला अभिमान आहे, ती आमच्या घरी अशी आली.

वाचक, डिचोली :
आपल्या विरोधात गेलेला कौल भाऊसाहेबांनी मानला, एवढे मी मनाविरुद्ध का होईना, कबूल करतो. पण पुण्यतिथीच्या भाषणांत खाणपट्ट्यातल्या शेतांचा एकदा तरी उल्लेख व्हावा, ही माझी मागणी कायम आहे.

निवृत्त शिक्षिका, फोंडा :
ती मागणी रास्त आहे आणि मुंडकार कायद्याचे वर्षही तुम्ही बरोबर सांगितलेत. तरीही तो कायदा होण्याच्या कितीतरी आधी माझ्या वडिलांनी त्या अंगणात जाणे सोडले होते. १९७३ साली भाऊसाहेब गेल्याची बातमी आली, त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.