मदत हवी आहे: एमसीआय असलेल्या बाबांसाठी व्हीआरमधून रस्ते शोधायचा सराव

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. न्यूरॉलॉजिस्टनी यंदा एमसीआय, म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट (स्मरण आणि विचारशक्ती थोडी कमी होणं) सांगितलं. डिमेन्शिया नाही. औषधं, बँकेची कामं, सगळं स्वतःचं स्वतः करतात. बी-१२ आणि थायरॉइड तपासून झालं, त्यात काही निघालं नाही. अडचण रस्त्यांची आहे, तीही एका ठरावीक प्रकारची.

बाबांचा जन्म सदाशिव पेठेतला. ठरलेल्या वाटेने मंडईत जाऊन भाजी आणतात, कधी चुकत नाहीत. पण यंदा गणपतीत मांडवामुळे नेहमीचा रस्ता अडला, तेव्हा शेजारच्या बोळातून वळसा घालायचं त्यांना सुचलंच नाही. रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि म्हणाले, "आज मंडईला रस्ताच नाही."

डॉक्टरांनी याचं कारण छान समजावलं. रस्ता आपण दोन प्रकारे लक्षात ठेवतो. एक म्हणजे वळणांचा क्रम: डेअरीपाशी डावीकडे, मग मारुतीपाशी उजवीकडे. दुसरा म्हणजे डोक्यातला सगळ्या भागाचा नकाशा, ज्यावरून नवी वाट काढता येते. हा नकाशा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागांवर अवलंबून असतो. तिथल्या, जागेचं भान ठेवणाऱ्या पेशींच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमरमध्ये नेमका हाच भाग लवकर बाधित होतो, म्हणून "वय झालं, चालायचंच" असं म्हणून हे सोडून द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटतं.

आता एका पुनर्वसन केंद्राने व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारं डोळ्यांवर बांधायचं उपकरण, लावून सराव सुचवला आहे. आम्ही एकदा करून पाहिलं. आत परदेशी धाटणीचं शहर होतं, रुंद रस्ते, माणूस एक नाही. जॉयस्टिकने पुढे सरकायला लागल्यावर बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि मळमळतंय म्हणाले. डोळ्यांना चाल दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, त्यामुळे असं होतं. मग तिथल्या मुलीने त्यांना फिरत्या खुर्चीवर बसवलं, वळायचं ते अंगाने वळायला सांगितलं आणि पुढे जाण्यासाठी सरकण्याऐवजी थेट उडी घेणारी सोय लावली. त्यानंतर ते आरामात बसले, दुकानं शोधायला लागले, अगदी रंगून गेले होते.

तरी माझं मन मानत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असल्याचा २००० सालचा अभ्यास केंद्रात सांगितला गेला, पण ते चालक वर्षानुवर्षं खऱ्या रस्त्यांवर होते. अमेरिकेत २८३२ ज्येष्ठांवर बौद्धिक सरावाची 'अॅक्टिव्ह' नावाची मोठी चाचणी झाली. तीत ज्या गोष्टीचा सराव दिला तीच प्रामुख्याने सुधारली. मग काल्पनिक शहरात पटाईत झालेल्या बाबांना पेरूगेटपाशी रस्ता अडलेला असला तर वळसा घालता येईल का?

म्हणून विचारते. आईवडिलांना असा सराव दिलेलं कुणी आहे का, आणि खऱ्या रस्त्यावर फरक दिसला का? सरावात वरून नकाशा दाखवणं, ओळखीची वाट मुद्दाम बंद करून दुसरी शोधायला लावणं, असं काही होतं, की नुसता तोच रस्ता पुन्हा पुन्हा? मला पहिलं हवं आहे. आपल्याच पेठेचं चित्रण वापरता येईल का? २०२२ पासून पुण्यात गूगल स्ट्रीट व्ह्यू आहे, पण बोळ त्यात सापडले नाहीत. ३६० अंशांचा कॅमेरा घेऊन स्वतः चित्रण करून ते हेडसेटमध्ये घातलेलं कुणी असेल तर कॅमेरा कोणता आणि किती उंचीवर धरला, तेही सांगा. बाबांचा चष्मा जाड आहे, तो हेडसेटखाली नीट बसत नाही. त्यावर उपाय?

आणखी एक. व्हीआरमध्ये रिक्षा नाहीत, स्कूटर नाहीत. वाट शोधण्यात डोकं गुंतलं की वाहनांकडचं लक्ष कमी होतं, त्याची मला खरी भीती आहे. हेडसेटनंतर लगेच सोबत चालून तोच सराव रस्त्यावर करवून घेणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट पुण्यात माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

"त्यांना एकटं पाठवूच नका" हा सल्ला मात्र नको. मंडईची फेरी आणि वाटेत भेटणारी माणसं यावर त्यांचा सगळा दिवस उभा आहे. ती फेरी टिकवण्यासाठीच हे चाललंय.